काळी खिडकी बंद करू नये

मंडळी, पुणेरी पाट्या तुम्ही ढिगानं वाचल्या असतील. दारावरच्या, गेटवरच्या, जिन्यातल्या. पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चिकटवलेली पाटी कधी वाचलीये? मी वाचलीये. ती अशी होती :

'ही काळी खिडकी बंद करू नये. चुकून बंद केल्यास मालकांना ताबडतोब सांगावे. मुद्दाम केल्यास सांगायची गरज नाही, आम्हाला कळते.'

पाटी माझ्या मामांची. काळी खिडकी मात्र माझी. म्हणजे आजच्या गोष्टीतला गुन्हेगार मीच, हे आधीच कबूल करून टाकतो.

मामांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीला लागून. वायरी, स्विच, एमसीबी, पंखे आणि दिवाळीत लायटिंगच्या माळा. गाडी लावायला जागा नाही, चालायला जागा नाही, आणि तरी गिऱ्हाईक हटत नाही, असा तो भाग. तिथून पाच-सात मिनिटांवर अप्पा बळवंत चौक. इंजिनिअरिंगला असताना जावाचं उशीएवढं जाड पुस्तक मी त्याच चौकात सेकंड हँड घेतलं होतं. पुस्तक घेतलं, आता ज्ञान पाजळायला हक्काचं गिऱ्हाईक पाहिजे. मामांपेक्षा हक्काचं कोण?

२०११ साली फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून मी त्यांच्या दुकानासाठी बिलिंगचा आणि स्टॉकचा प्रोग्रॅम लिहिला. मुख्य प्रोग्रॅम माळ्यावरच्या पीसीवर चालायचा आणि खालचे दोन काउंटर त्याला जोडलेले. डेस्कटॉपवर एक आयकॉन होता. त्यावर दोनदा क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची, त्यात पांढरी अक्षरं भराभर पळायची आणि दुकान सुरू. प्रोजेक्टला मार्क चांगले पडले, मामांनी सुजाता मस्तानी पाजली, विषय संपला.

संपला असं मला वाटलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दोन रात्री जागून प्रोग्रॅममधली कराची सगळी गणितं मी नव्यानं लिहिली. पण खिडकी? तिला हात लावला नाही. चालतंय ना? मग झालं! आमच्या धंद्याचं हे ब्रीदवाक्य आहे, आणि निम्म्या जगाचे प्रोग्रॅम त्याच्यावरच चाललेत.

खिडकीचे शत्रू

काळ्या खिडकीचा प्रॉब्लेम साधा आहे. ती बंद झाली की आतला प्रोग्रॅम मरतो. आणि ती बंद करायला जग टपलेलं असतं.

शत्रू नंबर एक, माळ्यावर माल काढायला जाणारा पोरगा. त्याला क्रिकेटचा स्कोअर बघायचा असतो, खिडकी मध्ये येते, तो कोपऱ्यातली फुली दाबतो. खालून मामांची आरोळी. त्याच दिवशी ती पाटी लागली.

शत्रू नंबर दोन, खुद्द मामा. हिशेब झाला की रात्री ते शहाण्या माणसासारखं लॉग ऑफ करायचे. लॉग ऑफ केलं की त्या माणसानं सुरू केलेलं सगळं आवरलं जातं. त्यात आपला प्रोग्रॅमही गेला. मग मामा लॉग ऑफ करायचे थांबले.

शत्रू नंबर तीन सगळ्यात डेंजर. रात्री पीसी चालू ठेवला तर विंडोज अपडेट घेतं आणि स्वतःहून रीस्टार्ट होतं. सकाळी पीसी चालू दिसतो, पंखा फिरतोय, पण स्क्रीनवर पासवर्ड मागणारी चौकट. कोणी तरी येऊन पासवर्ड टाकायचा, आयकॉनवर दोनदा क्लिक करायचं, तेव्हा प्रोग्रॅम उठणार.

हे 'कोणी तरी' म्हणजे मामा. पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत होता. त्यामुळे मामांनी गेल्या कित्येक वर्षांत शटर उघडायची वेळ चुकवली नव्हती. मुलगी नाशिकला असते. तिच्याकडे गेले तर रविवारी सकाळी जाऊन रात्री परत. 'दुकान असतं ना रे,' म्हणायचे. मला वाटायचं, हा जुन्या माणसांचा हट्ट. त्या दुकानाचा निम्मा खुंटा मीच ठोकला होता, हे डोक्यात आलंच नाही.

वसुबारसेची सकाळ

गेल्या दिवाळीची गोष्ट. आदल्या आठवड्यात मामांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि वसुबारसेच्या सकाळी अँजिओप्लास्टी ठरली. मामी हॉस्पिटलमध्ये, दुकानावर मामेभाऊ आणि दोन पोरं. तापकीर गल्लीत त्या दिवशी काय गर्दी असते हे ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येकाला माळ लावून बघायची असते.

साडेदहाला मामेभावाचा फोन. 'दादा, बिल निघत नाहीये. कनेक्शन नाही म्हणतंय.'

मी हिंजवडीत, मीटिंगमध्ये. बाहेर येऊन विचारलं, 'माळ्यावरच्या स्क्रीनवर काय दिसतंय?'

'पासवर्ड मागतोय.'

रात्री अपडेट येऊन गेलं होतं. पासवर्ड मामांकडे आणि मामा कॅथ लॅबमध्ये.

दुपारपर्यंत पोरांनी हातानं बिलं लिहिली. भाव तोंडपाठ फक्त मामांना. त्यामुळे कुठे जुना भाव लागला, कुठे टॅक्स चुकला आणि कुठे माल गेला पण नोंदच नाही. अडीच वाजता हॉस्पिटलनं मामींना पाच मिनिटं आत सोडलं. मामी बाहेर आल्या त्या औषधाच्या बिलामागे पासवर्ड लिहूनच. फोनवर मला एकेक अक्षर सांगताना मध्येच थांबल्या. म्हणाल्या, 'अरे, हे तर माझं माहेरचं नाव आहे.'

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर मामींना असा पत्ता लागला. सगळ्या गोंधळात तेवढी एकच चांगली गोष्ट घडली. पण ऑपरेशन झालेल्या माणसाला शुद्धीवर येताच पहिला प्रश्न पासवर्डचा विचारावा लागला, याची मला लाज वाटली. मामा ठणठणीत झाले. दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन माळ्यावर चढलो. म्हटलं, आता ही खिडकीच काढून टाकायची.

पेठेच्या पोटातली मेट्रो

फंडा समजून घेऊ. आयटीवाले नसाल तरी वाचा, अवघड नाहीये.

कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम दोन प्रकारे चालतात. एक, तुम्ही लॉग इन केलंत आणि सुरू केलात. तो तुमचा. तुमच्याबरोबर येतो आणि तुमच्याबरोबर जातो. दुसरा, मशीन सुरू होतानाच ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः सुरू करते. त्याला खिडकी नाही, आयकॉन नाही. कोणी लॉग इन केलं काय, न केलं काय, त्याला फरक पडत नाही. विंडोजमध्ये त्याला सर्व्हिस म्हणतात, युनिक्स आणि लिनक्समध्ये डीमन.

२९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो पेठांच्या पोटातून धावतेय. वर शटर उघडं असो की बंद, दुपारची एक ते चार झोप चालू असो की गणपतीची गर्दी, खाली गाडी आपली वेळेवर. तिला वरच्या कुठल्या दुकानदाराची परवानगी लागत नाही. सर्व्हिस म्हणजे हेच. पडद्यावरची काळी खिडकी म्हणजे रस्त्यावर उभी केलेली स्कूटर, कोणीही धक्का मारावा आणि आडवी करावी.

डीमन हे नाव कुठून आलं? १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं. भौतिकशास्त्रात मॅक्सवेलचा राक्षस प्रसिद्ध आहे. तो दाराशी बसून एकेक रेणू निवडत असतो, अविरत, कोणाला न दिसता. त्याच्यावरून पडद्यामागे राबणाऱ्या प्रोग्रॅमला डीमन म्हणायला लागले.

आपल्याकडे मला यापेक्षा जवळचा वाटतो तो वेताळ. टेकडीवर फिरायला जाता ना, तोच. गोव्यात आणि कोकणात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री गाव झोपलं की तो हद्दीवरून फेरी मारतो, अशी श्रद्धा. म्हणून त्याला चपला वाहतात. चालून चालून झिजतात ना! वेताळ कोणाला दिसत नाही, पण झिजलेल्या चपला दिसतात. ही चपलांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जावाला शिष्टाचार शिकवा

मग सोपं आहे की! विंडोजला सांगायचं, हा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालव. मी पण तेच केलं. विंडोजमध्ये सर्व्हिस नोंदवायची एक कमांड आहे. तिला थेट जावाचा पत्ता दिला. सर्व्हिस तयार झाली. 'स्टार्ट' दाबलं. एरर नंबर १०५३. 'सर्व्हिसनं वेळेत उत्तर दिलं नाही.'

का? विंडोजमध्ये सर्व्हिसेसचा एक मुकादम असतो, सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर. तो प्रत्येकाला हाक मारतो आणि हजेरी घेतो. साधारण ३० सेकंदांत 'हजर!' असं उत्तर आलं नाही तर तो नाव कापतो. बिचाऱ्या जावाला ही हजेरी माहीतच नाही. १९९५ मध्ये सननं जावा आणली ती 'एकदा लिहा, कुठेही चालवा' म्हणत. कुठेही चालायचं म्हटल्यावर प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचे घरगुती शिष्टाचार तिनं शिकलेच नाहीत. ती आपलं काम करत बसते आणि मुकादम तिला गैरहजर धरतो.

म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला रॅपर म्हणतात. मुकादमाला 'हजर' तो सांगतो, जावा सुरू तो करतो आणि 'थांब' असा हुकूम आला की जावापर्यंत पोचवतो. असे रॅपर बरेच आहेत. अपाचे कॉमन्स डीमनमधला प्रोकरन हा एक. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालतो तो त्याच्याच जोरावर. विनएसडब्ल्यू हा दुसरा. जेनकिन्स लिहिणाऱ्या कोसुके कावागुची यांनीच तो लिहिला. टॅनुकी कंपनीचा जावा सर्व्हिस रॅपर आणि एनएसएसएम हेही जुने खेळाडू. मी विनएसडब्ल्यू घेतला. एक छोटी फाइल लिहायची. त्यात सर्व्हिसचं नाव, जावाचा पत्ता, आपल्या प्रोग्रॅमचा पत्ता आणि पडला तर काय करायचं ते.

तुमच्या ऑफिसात लिनक्स असेल तर काम आणखी सुटसुटीत. पूर्वी आपण काय करायचो? कमांडच्या पुढे 'नोहप' आणि शेवटी अँपरसँड. झालं, आपण घरी! नोहप म्हणजे 'नो हँग अप'. जुन्या काळी टर्मिनल फोनच्या लाइनवर असायची. लाइन तुटली की प्रोग्रॅमला 'हँग अप' असा निरोप जायचा आणि तो मरायचा. नोहपनं तो निरोप कानाआड होतो. पण तेवढंच होतं. मशीन रीस्टार्ट झालं तर नोहप तुमचा प्रोग्रॅम उठवत नाही. तो रात्री तीनला पडला तरी उचलत नाही.

२०१० साली सिस्टिमडी आलं आणि आता बहुतेक मोठ्या लिनक्सांत तेच असतं. दहा-बारा ओळींची एक फाइल लिहायची. कोणती कमांड चालवायची, कोणाच्या नावानं चालवायची, पडला तर किती सेकंदांनी परत उठवायचं. मग 'एनेबल' म्हणायचं की प्रत्येक बूटला तो आपोआप उठणार. एक गंमत मात्र सांगून ठेवतो. जावाला नीट थांबायला सांगितलं की ती शहाण्यासारखी थांबते आणि जाताना १४३ हा आकडा सांगून जाते. १२८ अधिक थांबण्याच्या सिग्नलचा नंबर १५. सिस्टिमडीला वाटतं, शून्य नाही म्हणजे हा फेल झाला. १४३ म्हणजे पास, हे त्याच फाइलीत एका ओळीत सांगावं लागतं. नाही तर सगळं व्यवस्थित असून तुमचा मॅनेजर लाल अक्षरं बघून फोन करतो.

बंद खोलीतली पाटी

इकडे माळ्यावर सर्व्हिस सुरू झाली. हिरवा कंदील! पंधरा मिनिटांनी खालून आवाज, 'दादा, बिलावर नुसती प्रश्नचिन्हं येतायत!'

मामा गिऱ्हाइकाचं नाव मराठीत घालतात. ती सगळी नावं '?????' झालेली. कारण? जुन्या आयकॉनमागच्या कमांडमध्ये मी 'अक्षरं यूटीएफ-८ पद्धतीनं वाच' असा एक पर्याय कधी काळी घातला होता आणि विसरून गेलो होतो. नव्या फाइलीत तो आलाच नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट झालंय, पण माळ्यावरची जावा त्याच्या आधीची. पर्याय घातला, नावं परत मराठीत.

मग रात्रीचा बॅकअप. तो 'झेड' नावाच्या नेटवर्क ड्राइव्हवर जायचा. सर्व्हिस म्हणाली, झेड? कोण झेड? ही अक्षरं ज्यानं जोडली त्या माणसाच्या लॉग इनपुरती असतात. सर्व्हिस वेगळ्या खात्यावर, वेगळ्या घरात राहते. तिला मामांच्या घरातली कपाटं दिसत नाहीत. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी मशीनचा पूर्ण पत्ता दिला आणि सर्व्हिसला तिचं स्वतःचं खातं उघडून दिलं. त्या खात्याला हक्क फक्त कामापुरते. आख्ख्या मशीनच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?

सगळ्यात भारी चूक शेवटी सापडली. सर्व्हिस चालू दिसायची, पण मधूनच ठप्प. एरर नाही, काही नाही. दोन तास डोकं खाजवल्यावर माझंच जुनं कर्तृत्व सापडलं. बॅकअपच्या वेळी काही बिनसलं तर 'बॅकअप झाला नाही, ओके दाबा' असा डबा मी स्क्रीनवर दाखवत होतो. आता विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या सेशनमध्ये चालतात. सेशन शून्य. तिथे स्क्रीनसमोर माणूस नसतो. म्हणजे माझा प्रोग्रॅम एका बंद खोलीत पाटी घेऊन उभा होता, 'ओके दाबा', आणि कोणी येण्याची वाट बघत होता. जन्मभर बघत राहिला असता.

खिडकीतल्या प्रोग्रॅमला माणसाची सवय असते. अडलं की तो विचारतो. सर्व्हिसला विचारायला कोणी नसतं. काय करायचं ते आधीच ठरवून द्यावं लागतं आणि अडलं तर ते लिहून ठेवावं लागतं. सगळे डबे काढले. त्याऐवजी प्रत्येक गोष्ट तारीख-वेळेसकट लॉग फाइलमध्ये. वेताळाच्या चपला!

आणि एक काम राहिलं होतं, नीट मरायला शिकवणं. पीसी बंद करताना सर्व्हिसला 'थांब' म्हणतात, तेव्हा अर्धवट बिल पूर्ण करणं आणि डेटाबेस व्यवस्थित बंद करणं गरजेचं असतं. जावात त्यासाठी शटडाउन हुक असतो. 'जाताना एवढं करून जा' अशी चिठ्ठी म्हणा ना. पण तो फार वेळ खात बसला तर सिस्टिम थांबत नाही. लिनक्सवर सिस्टिमडी सहसा ९० सेकंद वाट बघतं आणि मग सरळ गळा दाबतं. तसं झालं किंवा एकदम लाइट गेली, तर चिठ्ठी वाचायलाही वेळ मिळत नाही. म्हणून प्रत्येक बिल तिथल्या तिथे डेटाबेसमध्ये पक्कं करायचं आणि यूपीएसची बॅटरी वेळच्या वेळी बदलायची. दुसरं काम मामांचं. इलेक्ट्रिकच्या दुकानात यूपीएसची बॅटरी तीन वर्षं मेलेली होती, हे कोणाला सांगू नका.

'चालू आहे हे कळणार कसं?'

संध्याकाळी मी मामांना माळ्यावर नेलं. आता हळूहळू जिने चढायची परवानगी मिळाली होती. पीसी रीस्टार्ट केला. पासवर्डची चौकट आली. मी म्हटलं, 'मामा, काही टाकू नका. खाली जाऊन बिल करा.'

बिल निघालं. मामा परत वर आले आणि रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिले. मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, 'ती खिडकी कुठाय?'

'गेली. आता लागत नाही.'

'अरे पण ती दिसली की मला कळायचं, चालू आहे. आता चालू आहे हे कळणार कसं?'

मी हसणार होतो, पण थांबलो. प्रश्न शंभर नंबरी होता. दिसत नाही ते चालू आहे असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. सर्व्हिस पडली की आपोआप उठते हे खरं. पण ती उठून परत पडत असेल, परत उठत असेल तर? किंवा ती चालूय, बिलंही निघतायत, पण बॅकअप महिनाभर झालेलाच नाही, तर? माणूस अडला की ओरडतो. डीमन ओरडत नाही.

म्हणून आणखी एक संध्याकाळ घातली. काउंटरवरच्या ब्राउझरमध्ये एक साधं पान केलं. त्यात तीनच ओळी. शेवटचं बिल कधी झालं, शेवटचा बॅकअप कधी झाला आणि प्रोग्रॅम किती वेळ चालू आहे. बॅकअप वेळेत झाला नाही तर ओळ लाल होते आणि मला आणि मामेभावाला मेल येते. सर्व्हिस पडल्यावर तीनदा उठवून बघायची आणि तरी नाही झालं तर थांबून कळवायचं, असंही ठरवून दिलं. आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून गल्ल्याच्या कप्प्यात ठेवला. तो नवीन आहे. जुना मामींनी आपल्याकडे ठेवून घेतलाय.

ऑफिसात आपल्यातले कित्येक जण असेच खुंटे होऊन बसलेले असतात बघा. 'तो जॉब सकाळी मीच सुरू करतो', 'ती स्क्रिप्ट माझ्याच लॅपटॉपवर आहे', 'मी सुट्टीवर असलो की रिपोर्ट येत नाही.' सांगताना जरा कॉलरही ताठ होते. माझ्याशिवाय चालत नाही, यार! पण ज्याच्याशिवाय चालत नाही, त्याला सुट्टी नसते. आणि एक दिवस तो कॅथ लॅबमध्ये असतो. कंटेनर आले, क्लाउड आला, नावं बदलली. प्रश्न तोच राहतो. तुम्ही तिथे नसताना हे उठतं का, पडलं तर सावरतं का आणि नाही सावरलं तर कोणाला कळतं का?

मागच्या महिन्यात मामा-मामी नाशिकला गेले. चक्क पाच दिवस. दुकान सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा. म्हटलं, 'काय झालं मामा?'

'काही नाही रे, सहज केला. चालू आहे ना?'

'चालू आहे.'

'बरं,' म्हणाले आणि मागून नातवाच्या हाका ऐकू आल्या म्हणून फोन ठेवला.

माळ्यावरच्या स्क्रीनवरची पाटी अजून काढलेली नाही. फक्त खाली पेननं एक ओळ वाढवलीये. 'खिडकी काढली आहे. तरीही हात लावू नये.'

चौकट : सर्व्हिस करण्याआधी

• जुन्या आयकॉनमागची किंवा बॅच फाइलमधली आख्खी कमांड आधी वाचा. एकेक पर्याय नव्या फाइलीत आलाय ना, ते तपासा.

• फाइलींचे पत्ते पूर्ण लिहा. सर्व्हिस कुठल्या फोल्डरमध्ये उभी राहून काम करेल याचा भरवसा धरू नका.

• स्क्रीनवर काही विचारणारं जे जे आहे ते काढा. उत्तर आधीच ठरवा आणि लॉगमध्ये लिहा.

• लॉग फाइली ठरावीक दिवसांनी बदलत राहतील अशी सोय करा. नाही तर चपलांचा ढीग वाढून वाढून डिस्क भरते आणि त्यामुळेच सर्व्हिस पडते.

• सर्व्हिसला तिचं वेगळं खातं द्या, हक्क कामापुरतेच.

• खरी परीक्षा एकच. मशीन रीस्टार्ट करा, लॉग इन करू नका आणि चहा प्यायला जा. परत आल्यावर काम चालू असेल तर तुम्ही पास!